मामांचे दोन साक्षीदार

त्या इमारतीत लिफ्ट एकच होती आणि ती चालवणारे मामाही एकच. जाळीचा दरवाजा ओढायचा, स्टुलावर बसायचं आणि बटण दाबायचं, एवढंच काम. त्यामुळे तोंडाला सवडच सवड. सगळ्यात वरच्या मजल्यावर दवाखाना होता. माणसं वर जाताना आजार सांगत आणि खाली येताना औषधं दाखवत. ऐकून ऐकून आपण अर्धे डॉक्टर झालो आहोत, असा मामांचा समज होता. उरलेला अर्धा मोबाईलने पुरा केला होता.

तरी मामा काही कानाचे हलके नव्हते. येईल तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या आपल्या मेहुण्याला ते बिनडोक म्हणत. त्यांचा स्वतःचा नियम होता: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी आपणहून एकच गोष्ट सांगितली, तरच ती खरी. नियम चांगलाच होता. घोळ एवढाच की सगळी चौकशी मामा त्या एका लिफ्टमध्ये बसून करत.

एक दिवस मोबाईलवर आलं की ब्लडप्रेशरची गोळी रोज घेतली की शरीर आळशी होतं, मधून मधून तिला सुट्टी द्यावी. घरी मामींना हीच गोळी चालू होती, म्हणून मामांनी कान टवकारले. सकाळी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या विमा ऑफिसातल्या हेडक्लार्कना विचारलं, "साहेब, बीपीच्या गोळीला मधे सुट्टी द्यावी म्हणतात. खरं असेल का हो?"

हेडक्लार्क 'मला माहीत नाही' असं जन्मात म्हणाले नव्हते. "असणारच!" म्हणाले आणि उतरून गेले.

हा साक्षीदार मामांनी धरला नाही. आपण विचारलं म्हणून तो बोलला, त्याचं काय एवढं! पण संध्याकाळी शिवणक्लासच्या बाई चढल्या त्या आपणहूनच म्हणाल्या, "मामा, ऐकलंत का? बीपीच्या गोळ्यांना म्हणे सुट्टी द्यायची असते." दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्यानेही तेच सांगितलं. कुठे शिवणक्लास आणि कुठे कुरिअर! मामांना आभाळ ठेंगणं झालं. घरी जाताच त्यांनी मामींच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर टाकल्या.

मामी सहजासहजी कोणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण "नीट चौकशी केलीय" म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. नवऱ्याचे बाकीचे सगळे गुण त्यांना माहीत होते, तरी या एका गोष्टीवर त्यांचा विश्वास होता. काही दिवसांत त्यांचं डोकं ठणकू लागलं. "शरीर जागं होतंय," मामांनी निदान केलं. आतून मात्र ते घाबरले होते. जगाला सगळं सांगत सुटलेल्या या माणसाने तेवढं मात्र कोणालाच सांगितलं नाही.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये शिरल्या त्या तणतणतच. आत हेडक्लार्क, शिवणक्लासच्या बाई आणि कुरिअरवाला आधीच होते. मामांनी दरवाजा ओढला, लिफ्ट निघाली.

"जो येतो तो गोळ्या बंद करून येतोय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनाने गोळी सोडली की प्रेशर चढतं, एखाद्याला झटका यायचा! ही सुट्टीची अक्कल काढली कोणी?"

"मला तर या बाईंनी सांगितलं," कुरिअरवाला घाईघाईने म्हणाला. "यांचं पार्सल द्यायला गेलो होतो ना, तेव्हा."

"मला हेडक्लार्कसाहेबांनी," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "मी... म्हणजे... इथेच ऐकलं. मामांकडून."

चालत्या लिफ्टमधून माणूस पळणार कुठे? मामा स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. त्यांचीच बातमी मजले हिंडून त्यांच्याकडे परत आली होती, आणि दोनदा त्यांनी तिला नवी पाहुणी समजून आत घेतलं होतं. मग मामींचं ठणकणारं डोकं आठवलं.

"डॉक्टरीणबाई," ते कसेबसे म्हणाले, "आमच्या हिनेही सोडलीय. मीच सोडायला लावली. डोकं दुखतंय तिचं."

"मग बघता काय? आत्ताच्या आत्ता बोलवा त्यांना. आधी प्रेशर बघू."

मामांनी तिथूनच फोन लावला.

"अगं, गाडी कर आणि दवाखान्यात ये. गोळी बंद करायची नव्हती."

"कोण म्हणतं?" मामींचा आवाज लिफ्टभर ऐकू आला.

"डॉक्टरीणबाई."

"आणि दुसरं कोण? दोघांनी सांगितल्याशिवाय तुम्ही खरं मानत नाही ना?"

लिफ्ट वरच्या मजल्यावर येऊन थांबली होती, पण दरवाजा कोणी उघडेना.

"दुसरं कोणी नाही गं," मामा म्हणाले. "तेव्हाही नव्हतं. दोन्ही वेळा मीच होतो."

मग मामी म्हणाल्या, "येते. पण लिफ्टमध्ये माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."