कावळ्यांनी निवडलेला खासदार

आमच्या गावचे सावळाराम खासदार कसे झाले, असं कोणी विचारलं तर मी सरळ सांगतो, कावळ्यांमुळे. लोक हसतात. हसू देत. मतं लोकांनी दिली, पण माणूस कावळ्यांनी निवडला.

१९६२ साली पवनेकाठच्या आमच्या शेतांत सरकारी माणसं खुंट्या ठोकत होती. कारखाने येणार होते. त्या धामधुमीत मालोजीबाबा वारले. दहाव्याला घाटावर पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. मेलेल्याची इच्छा अडकली असणार, म्हणून नातेवाईक एकेक कबूल करायला लागले. म्हातारीला सांभाळू, चुलत्याशी बांधावरून भांडणार नाही. भांडणार नाही म्हणताना चुलत्याकडे डोळे वटारून बघणं चालूच होतं. ऊन चढलं. तेवढ्यात सावळाराम, तेव्हाचा नुसता सावळ्या, उशिरा उठून डोळे चोळत घाटावर आला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या पोराला कंपनीत लावतो."

कंपनीचा पायाही खणला नव्हता. पण कावळा उतरला.

एव्हाना माणसं कंटाळून सावलीला सरकली होती आणि कावळ्यालाही भूक लागली होती, असं माझं मत. गावाला ते पटलं नाही. गावाला सावळ्या पटला.

त्यानंतर कोणाचाही दहावा असो, सावळारामला बोलावणं जायचं. तो मुद्दाम उशिरा यायचा. आधी दिवंगताचे गुण सांगायचा, मग एक शब्द द्यायचा, आणि कावळा शिवायचा. तो सरपंच झाला. १९७० साली नगरपालिका झाली, तेव्हा नगरसेवक झाला. गटारं तुंबलेली, दिवे बंद, नळाला वारा, पण त्याला जाब विचारायची सोय नव्हती. कारण कावळा शिवला म्हणजे काम झालंच, असं आमच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. शब्द पाळायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच येत नसे.

यात भरडली गेली केसर. माझ्या चुलतभावाची, किसनची बायको. किसन कंपनीत कामाला होता. काविळीने गेला तेव्हा केसरच्या पदरात लहान पोरगी आणि घरात सासू, रतनबाई. दहाव्याला सावळाराम म्हणाला, "किसना, तुझ्या जागी केसरला कंपनीच्या कँटीनमध्ये लावतो. काळजी सोड." कावळा लगेच आला. किसन बिचारा जिवंतपणीही असाच भोळा होता.

नोकरी काही आली नाही. केसर त्याच कंपनीच्या गेटबाहेर स्टोव्ह मांडून भजी तळायला लागली. पाऊस आला की स्टोव्ह विझायचा, अतिक्रमणवाले आले की कढई उचलून पळायचं. पोरगी शाळेतून आली की कांदे चिरायला बसायची. केसर सावळारामच्या दारात गेली की तिथली माणसं म्हणत, "वहिनी, कावळा शिवलाय न्हवं? मग मिळंल की." ती परत स्टोव्हपाशी यायची.

सावळाराम मात्र जीपमधून तीन नद्यांचे घाट फिरत होते. १९८० ची लोकसभा आली. दोन बड्या पुढाऱ्यांची तिकिटावरून जुंपली, तेव्हा ज्याच्याबद्दल कोणाचंच वाईट मत नाही असा माणूस शोधायची वेळ आली. सावळारामबद्दल वाईट मत नव्हतं. ज्यांना त्यांनी शब्द दिले होते, ते सगळे मेलेले होते. झाले खासदार. दिल्लीत ते एकदाच बोलले म्हणतात, कुणा दिवंगत सदस्याच्या श्रद्धांजलीला. फार छान बोलले.

पुढच्या वर्षी रतनबाई गेली. दहाव्याला खासदारसाहेब पांढऱ्या गाडीतून नेहमीसारखे उशिरा आले. घाट माणसांनी भरला. त्यांनी रतनबाईचे गुण सांगितले आणि गावाला दवाखाना कबूल केला. कावळे पिंपळावर बसून राहिले. पूल कबूल केला. एक कावळा उठला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. साहेबांना घाम फुटला. भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू का?"

"माझ्यासमोर दर्भाचा कावळा?" साहेब दबक्या आवाजात खेकसले. "लोक काय म्हणतील?"

आणि केसर उठली.

"भावजी, आत्याबाईंची विच्छा राहिलेली न्हाई. त्या सुटल्या. राहिलीय ती माझी. माणूस मेल्यावरच तुमास्नी त्याचं ऐकू येत आसंल, तर आमी काय करायचं? मी आजून जिती हाय."

साहेबांनी सवयीने हात जोडले. "केसर, शब्द देतो..."

"शब्द नगं. गाडी हाय न्हवं? कंपनी हितंच हाय. चला."

"सुतकात?" भटजी कळवळले.

"सुतक मला हाय. भावजींना कुठं हाय?"

साहेबांनी पिंपळाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. कावळा ज्याला नाकारतो त्याला उद्या लोकही नाकारतील, एवढं गणित त्यांना येत होतं. ते मुकाट गाडीत बसले. केसर पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. गाडी निघाली तशी सगळी गर्दी तिच्यामागे कंपनीच्या गेटकडे पळाली. एवढी गर्दी तर साहेबांच्या विजयी मिरवणुकीलाही नव्हती. मला केसरचा अभिमान वाटला आणि सावळारामची जराशी कीवही आली.

घाटावर मी आणि भटजी उरलो. मी भांडी गोळा करायला लागलो, भटजी चिलीम भरायला बाजूला गेले. तेवढ्यात सगळे कावळे एकदम उतरले आणि पिंडावर तुटून पडले. तिथे शब्द द्यायला कोणीही नव्हतं.

दुपारी केसर चालत परत आली. साहेब परस्पर पुण्याला गेले होते. मी धावत जाऊन तिला सांगितलं, "केसर, कावळा शिवला."

ती ओसरीवर टेकली, तांब्याभर पाणी प्यायली.

"शिवंना का," ती म्हणाली. "सोमवारपासनं सकाळची शिफ्ट हाय माझी. तेवढा स्टोव्ह कुणाला पायजे आसंल तर इचारा."