उभ्या उभ्या उलार झालेलं विमान

विमानाच्या अपघाताची गोष्ट सांगतो म्हटलं, की तुमची नजर लगेच वर जाते. ढग, धूर, किंकाळ्या. खाली पाहा भाऊ, खाली! आमचं विमान पडलं तेव्हा ते उभंच होतं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर.

आमचे काकाजी विमानाला हात लावायच्या आधी वाकून मातीला हात लावायचे. नव्या माणसाला वाटायचं, किती भाविक! काकाजी म्हणायचे, "देव नाई बे, करंट! आंगातली वीज मातीले देऊन टाक, मंग पेट्रोलजवळ ये."

जिल्ह्याचे दोन झाले आणि मोठी धावपट्टी नव्या जिल्ह्याला गेली. आमच्या वाट्याला साकोलीकडच्या माळावरची एवढीशी पट्टी, सहा जणांचं एक विमान, ते उडवणारे साहेब, पेट्रोलचे ड्रम आणि आम्ही दोघं. मी ड्रमचा हातपंप मारायचो, काकाजी शिडीवर चढून पंखातल्या टाकीत नळी धरायचे.

पेट्रोल भरताना विमानाची एक तार जमिनीतल्या लोखंडी खुंटीला जोडलेली असायची. खुंटीभोवतीची माती ओली पाहिजे म्हणून काकाजी रोज तिथे तांब्याभर पाणी ओतायचे. महिन्याभरात कोणी तरी खुंटीला हळदकुंकू वाहिलं. मग नारळ आला. मी विचारलं, "काकाजी, काढून टाकू?"

"राहू दे. देवाजवळ कोणी बिडी तं नाई पेटवत."

काकाजी सानगडीचे. अर्धा जन्म धानाची बंडी हाकण्यात गेला. बंडीत मागे वजन झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या माना आवळतात. त्याला उलार होणं म्हणतात. काकाजींच्या लेखी विमानही बंडीच. साहेब वजनाचं गणित कागदावर मांडायचे, काकाजी शेपटीवर तळहात ठेवून सांगायचे. दोघांचं जुळलं तरच विमान हलायचं.

आणि माझा गुण एकच, नक्कल. एकदा काकाजींच्या आवाजात त्यांच्याच घरी फोन करून मी वांग्याची भाजी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी डबा उघडून काकाजी डोकं खाजवत बसले. "मले तं वांगं चालतच नाई. मी कवा म्हटलं बावा?"

मी मान खाली घालून जेवलो. वांगं छान झालं होतं.

एका सकाळी साहेबांचे चार पाहुणे चक्कर मारायला आले. एकेक जण धानाच्या पोत्याएवढा. काकाजी शिडीवर, टाकीला कान लावून. किती भरलं ते त्यांना आवाजावरून कळायचं. एका पाहुण्याने खालून विचारलं, "काकाजी, बसू का?"

काकाजींना ऐकू गेलं नाही. मी ड्रमाआड. जिभेला खाज सुटली. काकाजींच्या आवाजात म्हणालो, "बसा, बसा! मांगं बसा!"

मला वाटलं, हसतील. ते चौघं मागच्या दारातून भराभर चढले.

विमानाने नाक वर केलं आणि शेपटी धपकन जमिनीवर टेकली. काकाजींच्या हातातली नळी सुटली, पेट्रोल भळाभळा पंखावरून खाली. पाहुणे उड्या मारायला दाराशी आले. सगळे एकदम उतरले असते तर नाक दाणकन आपटून नाकावरचा पंखा मातीत घासला असता. आणि मातीत तर पेट्रोल.

"कोणी उतरू नोका! उतरंल त्याले चपलीनं हाणीन!" शिडीवरून काकाजी ओरडले. "पोट्ट्या, पंप सोड! रेती टाक!"

मग खाली येऊन त्यांनी एकेका पाहुण्याला नाव विचारून समोर सरकवलं. "तुमी आधी, भाऊ. हळू. आता तुमी." विमानाचं नाक म्हैस बसावी तसं सावकाश खाली आलं.

साहेब पळत आले, लालबुंद. पाहुणे एका सुरात म्हणाले, "यायनंच सांगतलं, मांगं बसा."

साहेब काकाजींना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

काकाजी भांडतील असं मला वाटलं. ते आपल्या हाताकडे पाहत हळूच म्हणाले, "चौघंही म्हणते तं मीच म्हटलं असंन, साहेब. आता मले आठवतच नाई. वय झालं."

मी पुढे झालो, पण माझा स्वतःचा आवाज फुटेना. शेवटी काकाजींच्याच आवाजात बोललो, "साहेब, मी नाई म्हटलं. ह्या पोट्ट्यानं म्हटलं."

मग साहेबांनी मला महिनाभर घरी बसवलं, आणि काकाजींना म्हणाले, "तुम्ही या उद्या."

काकाजी आता नाहीत. त्या पट्टीवर गाई चरतात. पण त्या दिवशी सायकलीजवळ गाठून त्यांनी मला जे झाडलं, ते अजून शब्दान् शब्द त्यांच्या आवाजात येतं मला:

"काहून बे, घडीभर मले वाटलं मी येडा झालो! बुढीले काय सांगू, लेकराले काय सांगू, सारं ठरवून राहिलो होतो. आन् नक्कल तरी कशी केलीस? पेट्रोल भरताना जन्मात कोणाले 'बसा' म्हटलं का मी? 'दूर सरका' म्हणतो! आवाज माहा काढलास, आन् बोल तुह्या बापाचे घातलेस. हट, सायकल काढ!"