कात्रीने कापलेलं कार्ड
ही गोष्ट मी इतकी वर्षं बायकोलाही सांगितली नाही, पण परवा पोस्टात कार्बनपेपरचा वास आला आणि राहवेना. नव्वदच्या दशकात सिल्वासातल्या माझ्या कापडदुकानात क्रेडिट कार्डाचा ठसा कार्बनवर उठवणारं यंत्र नवंच आलं होतं. चोरीच्या कार्डांच्या नंबरांची पुस्तिका बँक पाठवायची. तिच्यात नंबर सापडला की कार्ड कापून टाकायचं. साहेबलोकांसाठी मी ती कधी उघडलीच नाही. एका दुपारी राखोलीच्या कारखान्यातला एक खानदेशी फिटर तेलकट कपड्यांतच बायकोला घेऊन साडी घ्यायला आला आणि त्याने कार्ड पुढे केलं. “तुझ्याकडे कुठून आलं रे हे?” “माझंच आहे, शेठ. दुबईला होतो ना, तेव्हा काढलं. नाव तर वाचा.” मी नाव वाचलं नाही. पुस्तिकेवरून घाईघाईत बोट फिरवलं आणि भरल्या दुकानात कापडाच्या कात्रीने कार्डाचे दोन तुकडे केले. त्याच्या बायकोने साडीची घडी पुन्हा नीट घातली आणि ती म्हणाली, “चला हो, घरी.” ते गेल्यावर मी तुकडे जुळवून पाहिले, तर पुस्तिकेतल्या नंबरापेक्षा शेवटचा आकडा वेगळा होता. पुढे तो डोकमर्डीत समोरून आला आणि त्यानेच आधी हात जोडले, “नमस्कार, शेठ.” मी मान हलवून पुढे गेलो. “भाऊ, कार्ड तुमचंच होतं, चूक माझी झाली,” एवढंच तर म्हणायचं होतं.