चार फुटांची पावती

मे महिन्यातला दुसरा शनिवार, काष्टीचा आठवडे बाजार. मागितलेली रक्कम दोनशे रुपये. हजर होते बाजाराचं जागाभाडं वसूल करणाऱ्या ठेकेदाराचा पावती फाडणारा माणूस, टेबल मांडून बसलेली एक बाई आणि तिच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेला मी.

बाईने टेबलावर जुना कंप्युटर मांडला होता आणि त्याला अकरा हजारांत घेतलेला सेकंडहँड व्हीआर हेडसेट जोडला होता. वीस रुपयांत तो डोळ्यांवर चढवून पाच मिनिटं समुद्राच्या तळाशी फिरायचं. गिऱ्हाईक मान वळवेल तशी ती वायर कासऱ्यासारखी उचलून धरायची.

मी हेडसेट उतरवतोय तोच पावतीवाला म्हणाला, "हा खेळ हाय. खेळाला दोनशे. न्हाई तर उचल तुझं डबडं."

"नाचतंय का कोन हितं? बांगडीवालीची जागा चार फूट, माझी बी चारच. तिला तीस, मला दोनशे?"

"लई बोलती तू."

"मग लिहा की! दोनशेची पावती फाडा. सोमवारी ग्रामपंचायतीत दाखवते." मग माझ्याकडे वळली. "दादा, त्यांच्या पावतीपुस्तकामागचे दर वाचा मोठ्यांदा."

मी वाचले. चार फुटांना तीस रुपये. खेळाचा दर कुठेच नव्हता.

दोनशे म्हणजे दहा गिऱ्हाइकं फुकट, एवढाच माझा हिशेब. तिचा पुढचा होता. "आज दिले तर दर शनिवारी द्यावे लागतील," ती म्हणाली.

ठेकेदाराच्या माणसाला तिने तीस रुपये दिले, पावती घेऊनच. वीस मी तिला दिले.