लिफ्टमधली चार भोकं

आमच्या लिफ्टमध्ये आरशाखाली स्क्रूची चार भोकं आहेत. तिथे पाटी होती: 'कामवाल्यांनी जिन्याने जावे. कुत्र्यांना कडेवर घ्यावे.'

सातव्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या शांताबाई एका सकाळी दुखरा गुडघा धरून सरळ लिफ्टमध्ये शिरल्या. सेक्रेटरी ओरडले, "बाहेर या! इथली सगळी कामं जातील तुमची."

"जाऊ द्या. तुमचा टॉमी जातो की लिफ्टनं. मला घेता का कडेवर?"

आम्ही रहिवासी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो. त्याच दिवशी दोन घरांनी त्यांना काढलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्यामागे इमारतीतल्या सगळ्याच कामवाल्या लिफ्टपाशी येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांना काढलं तर भांडी कोण घासणार? पाटी उतरली ती या हिशेबाने, कुणाला पाझर फुटला म्हणून नव्हे.

आता सेक्रेटरी पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे भेदभाव नाही हं." समाज असाच सुधारत असावा. एकीची दोन घरं जातात आणि मोठेपणा उरलेले वाटून घेतात.

परवा बैठकीत ती भोकं पुट्टी भरून बुजवायचा विषय निघाला. मी एकट्याने विरोध केला. शांताबाईंची ती दोन घरं आधी परत द्या, म्हटलं, मग बुजवा.

भोकं अजून तशीच आहेत.