पाठीमागून दिसेल असं कापड

लढाई संपून माझा धाकटा दीर गावी परतला तो ट्रंकेत चित्रं दाखवायचं यंत्र घेऊनच. कुठल्याशा साहेबानं जाताना स्वस्तात दिलं होतं म्हणे. मोटारीच्या बॅटरीवर दिवा लागायचा, हातानं दांडा फिरवला की चित्रं हलायची. आता प्रश्न होता पडद्याचा, आणि त्यात मी नाक खुपसलं. मी पडले सांगलीची. रहिमतपूरजवळच्या त्या गावात सिनेमा पाहिलेली बाई मीच, हा तोरा लग्नाला वर्ष होऊनही उतरला नव्हता.

"वयनी, भिंतीला पांढरी माती मारली की झालं," दीर म्हणाला. "फुकटात काम."

"आणि बायका कुठं बसणार?"

"बसतील की कडंला."

कडेला म्हणजे कुठंच नाही, हे मला ठाऊक होतं. थोरल्या माणसांसमोर सुनांनी बसायचं नाही. पुरुष पुढं बसले की आमच्या वाट्याला भिंतीची मागची बाजू, आणि भिंतीमागून काय दिसणार, कपाळ? म्हणून मी हट्ट धरला की पडदा कापडाचाच हवा, आणि तोही पातळ. सांगलीला तंबूत पाणी मारून ओला केलेला पडदा मी पाहिला होता. ओल्या पातळ कापडातून चित्र पलीकडेही उतरतं.

पण कापड होतं रेशनवर. गोणपाट जाड, सासूबाईंची जुनी लुगडी हिरवी. माझ्या पेटीत माहेरची एक पांढरी कोरी चादर होती. ती मी बाहेर काढली, बोटांत चोळून पाहिली आणि जाड आहे असं ठरवून परत ठेवली. खरं तर ती जाड नव्हती.

"मामंजींचं एखादं धोतर द्या ना," मी सासूबाईंना म्हणाले. "कापायचं नाही काही. दोन बांबूंना ताणायचं, उरलेलं गुंडाळून ठेवायचं."

मामंजी म्हणजे माझे सासरे, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. चावडीवर निघाले की धोतर बगळ्यासारखं पांढरंशुभ्र. अशा माणसाला धोतरांचा काय तोटा, असं मी धरूनच चालले होते. सासूबाई जरा थांबल्या. मग आत जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलल्या आणि धोतर आणून माझ्या हातात दिलं.

"फाटंल असं ताणू नगा म्हंजी झालं," एवढंच म्हणाल्या.

दिवस मावळल्यावर देवळापुढं गाव जमलं. पुढं पुरुष, पडद्यामागं आम्ही बायका. पुरुषांच्या पहिल्या रांगेत मामंजींसाठी खुर्ची मांडलेली. मी कळशीतलं पाणी कापडावर शिंपडलं, दिरानं दिवा लावला, आणि चित्र आमच्या बाजूला अगदी छान उतरलं. मी मनात म्हटलं, बघा, कुणाची अक्कल आहे. तेवढ्यात चित्रात काळपट ठिपके दिसायला लागले. आधी एक, मग दोन, मग ओळीच्या ओळी. कोरड्या कापडावर जे कुणाला दिसलं नसतं ते पाण्यानं आणि उजेडानं उघडं पाडलं.

"ह्ये काय गं, पडद्याला गोवर आला काय?" कुणीतरी म्हणालं.

"रफू केल्यालं हाय," शेजारची म्हातारी म्हणाली. "निऱ्यांत झाकून जातंय. काठ वळखीचा हाय, हवालदारांचंच धोतर."

बायका हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. सासूबाईंनी पदर पुढं ओढला. त्यातला टाका न टाका त्यांच्या हातचा होता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. पलीकडची खुर्ची अजून रिकामीच होती.

"मामंजी आले नाहीत?" मी हळूच विचारलं.

"काय नेसून येतील?" सासूबाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "दुसरं पार इरलंय. तुज्या लग्नात रेशनचं समदं कापड तुज्या लुगड्यास्नी गेलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी उठून घरी गेले. सोप्यात कंदील होता. माझी चाहूल लागताच मामंजी कमरेचा पंचा सावरत लगबगीनं दाराआड झाले. ज्या माणसाला बघून चावडीवरची माणसं उठून उभी राहायची, तो सुनेला बघून दाराआड लपला, आणि ही वेळ त्यांच्यावर मी आणली होती. मला फार लाज वाटली.

"मामंजी, माझ्या पेटीत कोरी चादर आहे," मी कसंबसं म्हणाले. "ती लावते. तुमचं धोतर आणून देते."

"ऱ्हाऊ दे, पोरी. कोऱ्या चादरीला पाण्यानं डाग पडत्याल," दाराआडून आवाज आला. "पाठीमागनं बायकास्नी दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"मग जा. समदं बघून ये आन् उद्या मला सांग."

मी परत जाऊन बसले. मान वर केली की ठिपकेच दिसत, म्हणून शेवटपर्यंत खालीच घालून बसले.

सकाळी चुलीच्या उबेला वाळवलेलं तेच धोतर नेसून मामंजी सोप्यात बसले होते. धोतराला धुराचा वास येत होता.

"हत्ती हुता म्हनं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मोठा होता."

हत्ती कधी आला नि कधी गेला, मला माहीत नव्हतं. सोंड कशी हलवत होता, त्यांनी विचारलं. मी पदराआडून सांगत राहिले, आणि ते लहान मुलासारखे खूश होऊन ऐकत राहिले.