दुसऱ्याच्या घोड्याला शनिवारचा हरभरा

कळंबला धाराशिवच्या रस्त्यावर माझं पेंडीचं आणि भुशाचं दुकान आहे. धान्याच्या मोंढ्यात हमाली करून, पोत्यापोत्यानं उभं केलेलं. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडं एक पडीक जागा आहे, तिथं लिंबाखाली तीन घोडे बांधलेले असतात. ते माझे नाहीत, एका चाचांचे आहेत. चाचा वरातीला घोड्या भाड्यानं देतात. दोन पांढऱ्या घोड्या आणि एक काळा घोडा. काळ्याला लग्नात कोणी विचारत नाही, म्हणून चाचा घोड्या घेऊन वरातीला गेले की काळा एकटाच लिंबाखाली राहतो. आठवडाभर त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. शनिवारी मात्र त्याचा देव होतो.

कुणीतरी ज्योतिषी सांगतो, साडेसाती आहे, काळ्या घोड्याला हरभरा आणि गूळ चारा. मग गाड्या येतात. शनीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण या माणसांची गंमत बघा. आपल्या दारच्या गाईला शिळी भाकरी टाकायला यांना वेळ नसतो. इथं येऊन गाडीचा एसी चालू ठेवतात, पिशवी रिकामी करतात, घोड्याच्या कपाळाला हात लावतात, तो हात आपल्या कपाळाला लावतात आणि फोटो काढतात. घोड्यानं सकाळपासून काय खाल्लं, किती खाल्लं, त्याला पाणी मिळालं का, हे विचारणारा एक माणूस मी अजून पाहिलेला नाही. हरभरा बहुतेक जण माझ्याच दुकानातून नेत. मी विकत होतो. दुकान टाकून बसलोय, प्रवचन करायला नाही.

मागच्या थंडीत एका शनिवारी काळा लोळायला लागला. जनावरांचे डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, तासभर झटले. जाताना हात धुवायला माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "घोड्याला उलटी होत नाही, शेठ. कोरडा हरभरा पोटात फुगतो आणि वर यायला त्याला वाट नसते. आणखी एकदा असं झालं तर मला बोलवायच्या आधी खड्डा खणायला सांगा."

मी हे चाचांना सांगितलं. गुपचूप सांगायला हवं होतं, पण माझा आवाज मुळात बारीक नाही. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. चाचांनी मिशीवरून हात फिरवला.

"लोकं मोहब्बतीनं चारतेत, शेठ. तुमच्या पोटात का कळ यायलीय?"

"कळ घोड्याच्या पोटात आली होती चाचा, माझ्या न्हाय."

"मग हरभरा कुठनं येतोय? तुमच्याच काट्यावरनं ना? तुमी पेंड इका. जनावराचं मी बघतो."

गिऱ्हाइकं हसली. त्यातला एक तर माझा उधारीवरचा माणूस होता, तो सगळ्यात मोठ्यानं हसला. त्या दिवशी मी ठरवलं, समोर घोडा मरो नाहीतर उडून जावो, आपण वजन करायचं आणि गप्प बसायचं. खरं सांगायचं तर मला हरभऱ्याचा मुद्दा झोंबला होता, कारण चाचा तेवढ्यापुरते बरोबर होते. बरोबर असलेल्या माणसाचा मला जास्त राग येतो.

मग ऐन लग्नसराईत शनिवारी अमावस्या आली. अमावस्येला लग्न नसतं, पण चाचा पहाटेच घोड्या घेऊन उमरग्याकडं एका मिरवणुकीला गेलेले. नऊ वाजल्यापासून गाड्यांची रांग. दहापर्यंत मी दोन पोती हरभरा विकला आणि अकराच्या सुमाराला माझा हात काट्यावर थांबला. काळा खात नव्हता. मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघत होता. पुढच्या पायानं माती उकरत होता. थंडीत लोळण्याआधी त्यानं हेच केलं होतं. आणि एक गृहस्थ, पांढरे कपडे, पांढरे बूट, घमेलं त्याच्या तोंडाला लावून "खा राजा, खा" म्हणत होते.

मी चाचांना फोन लावला. पलीकडं नुसता बँड वाजत होता. "चाचा, घोडा" एवढं ओरडलो आणि फोन कट झाला. डॉक्टरांना लावला, ते अर्ध्या तासात येतो म्हणाले. अर्ध्या तासात हे लोक आणखी दहा किलो चारणार होते.

दोन मिनिटं मी तसाच उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मनात आलं, मरू दे, म्हणजे चाचांना कळेल. मग रस्ता ओलांडला.

"थांबा. बास झालं. घोड्याचं पोट फुगलंय."

पांढऱ्या बुटांनी मला खालीवर बघितलं. "घोडा तुमचा आहे का?"

"नाही."

"मग?"

शेजारच्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "दादा, मुक्या जनावराला खाऊ घालतोय, वाईट काय करतोय आम्ही?" मी उलटीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, खड्ड्याचंही सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हरभरा विकायचा आणि वर अडवायचं पण."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा माल दाखवतोय. गिऱ्हाइकाला जे नको ते कितीही खरं असलं तरी विकलं जात नाही. मी आवाज खाली आणला.

"साहेब, तुमची पीडा हा घोडा घेतो, व्हय ना?"

"हो."

"अन् घोडाच मेला तर? घेतलेली पीडा जाईल कुठं?"

त्यांनी घोड्याकडं बघितलं.

"ज्याच्या हातचं शेवटचं खाल्लं, त्याच्याकडं. सगळ्यांची. आज दोनशे माणसं येऊन गेलीत."

घमेलं एवढ्या झटकन मागं आलं की अर्धा हरभरा त्यांच्या बुटांवर सांडला. बाईंनी पिशवीची गाठ मारली. एका तरुणानं तर खाली बसून घोड्याच्या पुढ्यातला आपला हरभरा ओंजळीनं गोळा केला, शेजाऱ्याचा तसाच ठेवला. पाच मिनिटांत रस्ता मोकळा. मुक्या जनावराची माया एवढ्या लवकर आटलेली मी पहिल्यांदाच बघितली. घोड्याचं आता काय, असं विचारायला एकही थांबला नाही.

लोळू नये म्हणून मी काळ्याचा दोर धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेनं चालवत राहिलो. दुकान उघडं टाकून. डॉक्टर आले, नळी झाली, इंजेक्शन झालं, मी पुन्हा चालवला. दुपारी तीनला त्यानं लीद टाकली. डॉक्टर म्हणाले, "वाचला." लीद बघून आनंद होण्याची ती माझ्या आयुष्यातली एकच वेळ.

चाचा संध्याकाळी आले. डॉक्टरांनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी घोड्याच्या पोटाला कान लावला, पुष्कळ वेळ लावून ठेवला. मग खाली पडलेली एक पिशवी उचलली, तिच्यावरचं माझ्या दुकानाचं नाव वाचलं आणि घडी करून माझ्या हातात दिली. आठवड्यानं बोलले, पुन्हा चार माणसांत.

"तुमी माझ्या घोड्याला बदनाम केलंत, शेठ. पीडेचा घोडा म्हणतेत आता त्याला."

म्हणजे थंडीत बोललो तेव्हा मी लुडबुड्या, आता वाचवला तर बदनामी करणारा. तेव्हापासून ते भुसा दुसऱ्या दुकानातून आणतात. आणू द्या. त्याचा भुसा ओला असतो.

शनिवारी मी हरभरा विकत नाही. पोत्यांना पाठ लावून बसतो आणि संपला म्हणून सांगतो. तरी लांबच्या गावाहून एखादी गाडी येते, घरूनच पिशवी भरून आणलेली. मी पायरी उतरतो, रस्ता ओलांडतो. ते विचारतात, घोडा तुमचा आहे का.

"हो," मी म्हणतो. "पिशवी गाडीत ठेवा."